एकाच लॅपटॉपवर पायथॉन ३.८ आणि ३.१२: जुनं न काढता नवं कसं बसवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात मामांचं हळदीचं अडत दुकान आहे. शेतकऱ्यांची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशोब) काढणारा प्रोग्रॅम कुणीतरी पायथॉन ३.८ वर लिहून दिलेला. भाचा इंजिनिअरिंगला, त्याला प्रॅक्टिकलसाठी ३.१२ हवं. दोन्ही कामं एकाच विंडोज लॅपटॉपवर. ३.१२ टाकल्यावर पट्टी निघायची बंद झाली. आधी ‘ओपनपायएक्सेल’ (एक्सेल फाइली हाताळणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच) सापडत नाही म्हणाला, ते पिपने (लायब्ररी टाकायच्या साधनाने) टाकलं, तर मग ‘डिस्टयूटिल्स’ सापडत नाही म्हणायला लागला. ३.१२ काढून टाकलं की पट्टी सुरळीत, पण प्रॅक्टिकल अडतं. दोन्ही व्हर्जन एकत्र नांदतील का, की दुसरा लॅपटॉप घ्यावा लागेल? आणि मित्राच्या उबुंटूवर (विंडोजऐवजी असलेल्या लिनक्सवर) हेच कसं करायचं?

दुसरा लॅपटॉप घेऊ नका. पायथॉनची व्हर्जन एकमेकांना अजिबात हात लावत नाहीत. विंडोजवर ३.८ ‘पायथॉन३८’ नावाच्या फोल्डरमध्ये बसतं, ३.१२ ‘पायथॉन३१२’ मध्ये. दोघांच्या लायब्ररी वेगळ्या, पिप वेगळं. तुमच्याकडे ३.१२ टाकल्यावरही ३.८ जसंच्या तसं होतं, एक फाइलसुद्धा बदलली नव्हती. बदललं ते एवढंच की ‘पायथॉन’ असं नुसतं म्हटल्यावर कोण हजर होणार. माझं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती आहे: कुठल्या कामाला कुठलं पायथॉन, हे कॉम्प्युटरला ठरवू देऊ नका. दर वेळी तुम्ही सांगा.

(पुढे सगळ्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. ‘पाय’ म्हणजे पी आणि वाय ही दोनच अक्षरं.)

आधी नेमकं काय घडलं ते डोळ्यांनी बघा. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘व्हेअर पायथॉन’ टाइप करा. तीन ओळी येतील असा माझा अंदाज आहे. सगळ्यात वर ‘पायथॉन३१२’ फोल्डरचा पत्ता, त्याखाली ‘पायथॉन३८’ चा आणि तिसरा ‘विंडोजअॅप्स’ नावाच्या फोल्डरचा. विंडोज ‘पाथ’ नावाच्या यादीत वरून खाली शोधत जातं आणि पहिलं सापडेल ते चालवतं. इन्स्टॉल करताना ‘अॅड टू पाथ’ च्या चौकोनात टिक केली की नवीन व्हर्जन यादीत सर्वांत वर जाऊन बसतं. दुकानातल्या बॅच फाइलमध्ये (डबल-क्लिक केल्यावर कमांड चालवणाऱ्या फाइलमध्ये) बहुतेक ‘पायथॉन पट्टी.पीवाय’ एवढीच ओळ असणार. कालपर्यंत तिला ३.८ मिळत होतं, त्या दिवसापासून ३.१२ मिळायला लागलं.

यात एक बारकावा आहे आणि त्याच्यावर लोकांचे तासन् तास जातात. विंडोजमध्ये पाथच्या याद्या दोन असतात, एक पूर्ण सिस्टिमची आणि एक तुमच्या लॉगिनची. शोधताना सिस्टिमची आधी वाचली जाते. म्हणजे एखादं पायथॉन ‘सर्व युजरसाठी’ म्हणून टाकलेलं असेल, तर तुमच्या लॉगिनच्या यादीत तुम्ही काहीही वर-खाली करा, आधी तेच सापडणार. आणि ती ‘विंडोजअॅप्स’ वाली तिसरी ओळ म्हणजे खरं पायथॉन नसून मायक्रोसॉफ्ट स्टोअरकडे नेणारा दुवा आहे. ‘पायथॉन’ म्हटल्यावर अचानक स्टोअर उघडतं ते त्याच्यामुळे. सेटिंगमध्ये ‘अॅप एक्झिक्यूशन अलायसेस’ शोधा आणि पायथॉनसमोरची बटणं बंद करा.

आता डिस्टयूटिल्सबद्दल. पायथॉनबरोबर पूर्वी हे मोड्यूल आपोआप यायचं, ३.१२ पासून ते काढून टाकलंय. मामांच्या प्रोग्रॅममध्ये हमाली, तोलाई कापायची की नाही हे ‘येस-नो’ सेटिंग वाचायला त्यातलं ‘स्ट्रटूबूल’ नावाचं छोटं फंक्शन वापरलेलं दिसतंय. जुन्या कोडमध्ये हे सर्रास सापडतं. लिहिणाऱ्याचा यात काही दोष नाही, त्या वेळी ते चालत होतं. पायथॉनचं नवं व्हर्जन दर वर्षी ऑक्टोबरात येतं, प्रत्येकाला साधारण पाच वर्षं सांभाळलं जातं, आणि मधल्या काळात आधी सूचना देऊन काही जुन्या गोष्टी काढल्या जातात. ३.८ ची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली. त्यामुळे हा प्रोग्रॅम कधीतरी नव्या व्हर्जनवर हलवावा लागणारच आहे, पण ते तुमच्या सवडीने. हंगाम जोरात असताना, बाहेर पोती उतरत असताना नाही.

तर करायचं काय.

दोन्ही व्हर्जन टाका, पण ‘अॅड टू पाथ’ ची टिक काढून. त्याऐवजी ‘पाय लाँचर’ ची (सांगाल ते पायथॉन चालवणाऱ्या छोट्या साधनाची) टिक ठेवा. ३.८ चा इन्स्टॉलर शोधताना गोंधळ होईल, कारण पायथॉनच्या साइटवर ३.८.२० पर्यंतची व्हर्जन दिसतात आणि त्यांच्या पानांवर विंडोजचा इन्स्टॉलर नसतो. एखादं व्हर्जन फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्यांवर आलं की तयार इन्स्टॉलर देणं थांबतं, नुसता सोर्स कोड मिळतो. ३.८ साठी शेवटचा विंडोज इन्स्टॉलर ३.८.१० चा आहे, ३.१२ साठी ३.१२.१० चा. तेच घ्या. भलत्या साइटवरून ‘लेटेस्ट ३.८’ म्हणून काही उतरवून घेऊ नका. आणखी एक: ३.८ आणि ३.१२ शेजारी राहतात, पण ३.१२.३ आणि ३.१२.१० असे दोन्ही राहत नाहीत. दुसऱ्या टिंबानंतरचा आकडा बदलला की नवीन इन्स्टॉलर जुन्याच्याच जागी बसतो.

दोन्ही बसल्यावर ‘पाय -०’ टाइप करा, म्हणजे पाय, जागा, डॅश आणि शून्य. लॅपटॉपवर असलेल्या सगळ्या पायथॉनची यादी येते. मग ‘पाय -३.८’ म्हटलं की ३.८ उघडतं, ‘पाय -३.१२’ म्हटलं की ३.१२. नुसतं ‘पाय’ म्हटलं तर साधारणपणे सगळ्यांत नवं घेतलं जातं. ते बदलायचं असेल तर ‘पीवाय_पायथॉन’ नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल करून त्यात ३.८ लिहून ठेवता येतं, पण मी ते सुचवणार नाही. ‘नुसतं म्हटल्यावर कोण येणार’ हा खेळ पुन्हा सुरू होतो. व्हर्जनचा आकडा लिहायची सवय लावून घ्या, तीन-चार अक्षरांनी काही बिघडत नाही. ३.१४ च्या सुमारास विंडोजसाठी ‘पायथॉन इन्स्टॉल मॅनेजर’ नावाचं नवं साधन आलंय. ते टाकलं असेल तर ‘पाय इन्स्टॉल ३.१२’ म्हणून व्हर्जन थेट उतरवता येतं. तिथेही आकडा सांगून बोलवायचं तत्त्व तेच.

एवढ्यावर बरेच जण थांबतात. थांबू नका, कारण अर्धं काम राहिलंय. ३.८ एकच असलं तरी उद्या दुकानात बेदाण्याचा वेगळा प्रोग्रॅम आला आणि त्याला पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीचं वेगळं व्हर्जन लागलं, तर एकाच ३.८ च्या पोटात दोन पांडाज राहू शकत नाहीत. दुसरं टाकलं की पहिलं जातं. म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (थोडक्यात ‘व्हेन्व्ह’, फक्त त्याच्या लायब्ररी ठेवणारा वेगळा फोल्डर) द्यायचं. अडतीच्या वहीत प्रत्येक शेतकऱ्याचं खातं वेगळं असतं, एकाची उचल दुसऱ्याच्या नावावर पडत नाही, तसंच हे.

पट्टीच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘पाय -३.८ -एम व्हेन्व्ह एन्व्ह३८’ चालवा. ‘एन्व्ह३८’ नावाचा फोल्डर तयार होईल. त्याच्या आत ‘पायव्हेन्व्ह.सीएफजी’ ही छोटी फाइल आहे, ती नोटपॅडमध्ये उघडून बघा. ‘होम’ समोर मूळ ३.८ कुठे आहे त्याचा पत्ता आणि खाली व्हर्जनचा आकडा. एवढी दोन-चार ओळींची फाइल ठरवते की हे एन्व्हायर्नमेंट कुणाचं आहे. म्हणूनच मूळ ३.८ अनइन्स्टॉल केलं तर हेही मरतं. विद्यार्थी हमखास विचारतात, ‘सर, व्हेन्व्ह केलंय, आता मूळ पायथॉन काढलं तर चालेल ना?’ नाही चालणार.

मग ‘एन्व्ह३८\स्क्रिप्ट्स\अॅक्टिव्हेट’ चालवलं की प्रॉम्प्टच्या डावीकडे कंसात ‘एन्व्ह३८’ दिसतं. पॉवरशेलमध्ये ‘रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड’ अशी लाल ओळ आली तर घाबरू नका, ते विंडोजचं सुरक्षेचं सेटिंग आहे. साधा कमांड प्रॉम्प्ट वापरा, तिथे अडत नाही. अॅक्टिव्हेट झाल्यावर मात्र ‘पाय -३.८’ नको, कारण आकडा दिला की लाँचर एन्व्हायर्नमेंट सोडून थेट मूळ पायथॉनकडे जातो. इथे ‘पायथॉन’ असंच म्हणायचं, इथे ते नाव भरवशाचं आहे. आणि पिप कधीही एकटं चालवू नका. ‘पायथॉन -एम पिप इन्स्टॉल’ असं पूर्ण लिहा. नुसतं ‘पिप’ म्हटलं की ते कुठल्या पायथॉनचं आहे हे पुन्हा पाथवर ठरतं. तुमचं ओपनपायएक्सेल ३.१२ मध्ये जाऊन पडलं ते असंच.

प्रॅक्टिकलचा फोल्डर वेगळा करा, तिथे ‘पाय -३.१२ -एम व्हेन्व्ह एन्व्ह३१२’. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर वापरत असाल तर ‘पायथॉन: सिलेक्ट इंटरप्रिटर’ मध्ये जाऊन प्रत्येक फोल्डरसाठी त्याचं एन्व्हायर्नमेंट निवडा. टर्मिनलमध्ये चालतं आणि वरचं बाण-बटण दाबलं की चालत नाही, अशी तक्रार आली की मी आधी उजव्या कोपऱ्यात खाली लिहिलेलं व्हर्जन बघतो.

दुकानात मामा किंवा दिवाणजी अॅक्टिव्हेट वगैरे करत बसणार नाहीत आणि त्यांनी करूही नये. बॅच फाइल उघडा आणि ‘पायथॉन’ या शब्दाच्या जागी ‘एन्व्ह३८’ च्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधल्या ‘पायथॉन.ईएक्सई’ चा पूर्ण पत्ता लिहा, ड्राइव्हच्या अक्षरापासून, दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं देऊन. झालं. तो पत्ता थेट चालवला की अॅक्टिव्हेट करायची गरजच नसते, लायब्ररी आपोआप त्याच एन्व्हायर्नमेंटमधून येतात. रात्रीचा बॅकअप टास्क शेड्यूलरमधून होत असेल तर तिथेही हाच पत्ता द्या. यानंतर लॅपटॉपवर ३.१३ टाका, ३.१४ टाका, अॅनाकोंडा (लायब्ररींसकट येणारं पायथॉन) टाका, पट्टीला त्याचा पत्ताही लागणार नाही. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर ही एक ओळ आहे, बाकी सगळी तिची तयारी.

आपल्याकडचा एक खास त्रास इथेच सांगतो, कारण त्याचं खापर नेहमी व्हर्जनवर फुटतं. शेतकऱ्यांची नावं, गावं देवनागरीत असतात. कॉलेजच्या लिनक्सवर प्रोग्रॅम नीट चालतो, दुकानातल्या विंडोजवर ‘चारमॅप कोडेक कान्ट एन्कोड’ म्हणून पडतो. दोन्हीकडे ३.१२ असलं तरी पडतो. कारण विंडोजवर ‘ओपन’ फंक्शनला एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) सांगितलं नाही तर ते विंडोजचं जुनं कोडपेज धरतं, त्यात देवनागरी बसत नाही. ३.१५ पासून युटीएफ-८ हेच ठरलेलं असेल असा निर्णय झालाय, पण तुमचं ३.८ आणि ३.१२ दोन्ही त्याआधीची. म्हणून फाइल उघडाल तिथे प्रत्येक ठिकाणी एन्कोडिंग युटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. याच कारणाने ‘हळद हिशोब’ असं मराठी नाव फोल्डरला देऊ नका. पायथॉनला ते चालतं, पण बॅच फाइलमध्ये तो पत्ता लिहिला की कमांड प्रॉम्प्ट त्याची चिन्हांची खिचडी करतो. फोल्डर इंग्रजी नावाचे, मधे जागा न सोडता. मराठी आत, डेटात.

एन्व्हायर्नमेंटचा फोल्डर पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेता येत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. त्याच्या आत पूर्ण पत्ते कोरलेले असतात. त्याच लॅपटॉपवर फोल्डरचं नाव बदललं तरी अॅक्टिव्हेट आणि पिप बिघडतात. न्यायची असते ती यादी: ‘पायथॉन -एम पिप फ्रीझ’ चं आउटपुट ‘रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’ मध्ये साठवा. त्यात प्रत्येक लायब्ररीचं नाव आणि नेमकं व्हर्जन येतं. नव्या जागी नवं एन्व्हायर्नमेंट करून त्या यादीवरून भरायचं. जत-आटपाडीकडच्या गोदामात नेट धड नसेल, तर सांगलीत बसून त्याच ३.८ ने ‘पिप डाउनलोड’ करून सगळ्या फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि तिथे ‘नो-इंडेक्स’ आणि ‘फाइंड-लिंक्स’ हे दोन पर्याय देऊन नेटशिवाय टाका. ‘त्याच ३.८ ने’ हे महत्त्वाचं आहे. नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी), पांडाज यांच्या फाइलींच्या नावातच ‘सीपी३८’ किंवा ‘सीपी३१२’ असा शिक्का असतो. ३.१२ ने उतरवलेली नमपायची फाइल ३.८ घेणारच नाही. उलट बाजूने, ३.१२ वर फार जुनं पांडाज मागितलं की तयार फाइल नसल्यामुळे पिप ते लॅपटॉपवरच बनवायला जातं आणि ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० हवं’ म्हणून अडतं. तो मेसेज दिसला की कंपायलर शोधत बसू नका, आधी लायब्ररी आणि पायथॉन यांची जोडी जुळते का ते बघा.

आता मित्राचं उबुंटू. तिथला नियम एकच, पण कडक: सिस्टिमच्या पायथॉनला हात लावायचा नाही. उबुंटू २०.०४ बरोबर ३.८ येतं, २२.०४ बरोबर ३.१०, २४.०४ बरोबर ३.१२, आणि उबुंटूची स्वतःची बरीच साधनं त्यावर चालतात. कुणीतरी सांगतं म्हणून ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ ने ‘पायथॉन३’ चा रोख दुसऱ्या व्हर्जनकडे वळवला की टर्मिनलची खिडकीच उघडेनाशी होते, किंवा ‘एपीटी_पीकेजी’ सापडत नाही म्हणून सॉफ्टवेअर टाकणं-काढणं बिघडतं. २४.०४ वर नुसत्या पिपने काही टाकायला गेलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ अशी एरर येते. ती तुमच्याच भल्याची आहे. ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ चा पर्याय देऊन ती दाबू नका, व्हेन्व्ह करा.

वेगळं व्हर्जन हवं असेल तर ‘पायएन्व्ह’ हे वेगवेगळी पायथॉन बसवणारं साधन बरीच वर्षं वापरात आहे. फोल्डरमध्ये ‘.पायथॉन-व्हर्जन’ नावाची फाइल ठेवली की त्या फोल्डरपुरतं ते व्हर्जन लागू होतं, ही त्याची सोय फार चांगली. पण ते पायथॉन सोर्सपासून बनवतं, त्यामुळे आधी ओपनएसएसएल, एसक्यूलाइट, लिबएफएफआय यांच्या डेव्हलपमेंट फाइल टाकाव्या लागतात. त्यातलं ओपनएसएसएल राहिलं तर पायथॉन बनतच नाही, एसक्यूलाइट राहिलं तर बनतं खरं, पण नंतर ‘_एसक्यूलाइट३’ सापडत नाही. अशा वेळी नुसती फाइल टाकून भागत नाही, ते व्हर्जन पुन्हा बनवावं लागतं. हल्ली कुणी नव्याने सुरू करत असेल तर मी ‘यूव्ही’ हे त्याच कामाचं नवं साधन सुचवतो. ते तयार बनवलेलं पायथॉन उतरवतं. ‘यूव्ही पायथॉन इन्स्टॉल ३.१२’, मग ‘यूव्ही व्हेन्व्ह --पायथॉन ३.१२’, इतकंच. विंडोजवरही चालतं आणि लायब्ररी टाकायचा वेग बघून माणूस परत पिपकडे जात नाही. तरीही पहिल्यांदा पाय लाँचर आणि व्हेन्व्ह हाताने करून बघा असंच मी म्हणेन, म्हणजे यूव्ही आतून काय करतंय ते कळतं.

अॅनाकोंडा आधीपासून असेल तर राहू द्या. ‘कोंडा क्रिएट’ ला व्हर्जन सांगितलं की तेही वेगळं एन्व्हायर्नमेंट करतं. फक्त त्याला पाथमध्ये घालू नका आणि त्याच्या ‘बेस’ या मूळ एन्व्हायर्नमेंटमध्ये काही टाकू नका.

राहिलं मामांचं ३.८ कायमचं सोडवणं. दोन व्हर्जन शेजारी असण्याचा खरा फायदा इथे होतो. हंगाम ओसरला की पट्टीच्या कोडची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये करा आणि तिच्याजवळ ३.१२ चं एन्व्हायर्नमेंट. स्ट्रटूबूलच्या जागी आपलं चार ओळींचं फंक्शन लिहा, लायब्ररींची ३.१२ वर चालणारी व्हर्जन घ्या. मग एका जुन्या सौद्याच्या दिवसाचा डेटा दोन्हीकडे चालवा. दोन्हींनी पट्टी सीएसव्हीमध्ये काढली की विंडोजच्या ‘एफसी’ कमांडने दोन फाइली ताडून बघा. वजन, दर, हमाली, तोलाई, शेतकऱ्याला देय रक्कम, सगळं शेवटच्या पैशापर्यंत जुळलं पाहिजे. जिथे जुळत नाही तिथे बहुधा पांडाजच्या दोन व्हर्जनमधला फरक निघतो: रिकामा रकाना कसा धरला, तारीख दिवस-महिना अशी वाचली की महिना-दिवस. तारखेचा फरक ५ मार्चला आणि ३ मेला दिसतो, २५ मार्चला दिसत नाही. म्हणून ताडायला महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतला डेटा आवर्जून घ्या, आणि त्यात उचल दिलेला एक तरी शेतकरी आणि हमाली माफ केलेली एक तरी पट्टी असू द्या.

सगळं जुळलं की बॅच फाइलमधला पत्ता बदलून ३.१२ चा करा. ‘एन्व्ह३८’ आणि जुना फोल्डर पुढचा हंगाम संपेपर्यंत ठेवा. लागलाच तर परत जायला तीच एक ओळ बदलायची आहे.